कूलरला हात लावताच झिणझिण्या? टेस्ट रिपोर्टवर ‘ओके’ असलेली अर्थिंग वऱ्हाडातल्या मे महिन्यात का फसते

थोडक्यात :
• अर्थिंगचा खड्डा नवीन मीटर घेताना एकदाच पाहिला जातो. नंतर माती वाळते, पाइप गंजतो आणि कुणी विचारत नाही.
• कूलर सर्वाधिक चालतो त्याच दिवसांत काळी माती सर्वाधिक कोरडी असते.
• फक्त एमसीबी असेल तर ती कूलरचा झटका थांबवेलच असं नाही. खड्डा, तिसरी वायर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, तिन्ही लागतात.

अमरावती/अकोला : मार्च संपत आला की वऱ्हाडात घरोघरी एक काम ठरलेलं असतं. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. गेल्या वर्षीच्या वाळक्या ताट्या निघतात, नव्या बसतात. टाकी घासली जाते, पंप बादलीत ठेवून चालवून पाहिला जातो. मग कूलर खिडकीत बसतो, पिन बोर्डात जाते आणि पहिला दमदार पाऊस येईपर्यंत तो रात्रंदिवस चालतो.

इथे कूलर ही चैन नाही. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू करावं लागलं होतं. पारा ४५ अंशांवर असताना कूलर बंद ठेवा, हा सल्ला कुणी ऐकणार नाही.

पण याच दिवसांत कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्याही येतात. पाणी भरताना, पंप हलवताना, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून टाकी पुसताना. महावितरण दर उन्हाळ्यात आवाहन करतं : थ्री पिन वापरा, अर्थिंग तपासा, पाणी भरताना कूलर बंद करा. आवाहन वाचून आपण म्हणतो, ‘आपल्या घरी अर्थिंग आहे.’ मीटर घेताना टेस्ट रिपोर्ट दिलेला असतो, अंगणात खड्डा खणल्याचंही आठवतं.

प्रस्तुत प्रतिनिधीचाही असाच समज होता. अभियांत्रिकीला अर्थिंगची गणितं सोडवून झाली होती. यंदा घरचा कूलरचा बोर्ड उघडला, तेव्हा थ्री पिन सॉकेटचं वरचं मोठं छिद्र रिकामंच निघालं. हिरवी वायर बोर्डाच्या मागे आली होती आणि तिथेच कापून सोडलेली होती. अंगणात खड्डा होता, पण कूलर त्याला जोडलेलाच नव्हता. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

अर्थिंग म्हणजे नेमकं काय?

पोलवरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये साधारणपणे दोन तारा असतात. फेज वीज आणते, न्यूट्रल तिला परत नेते. तिसरी, म्हणजे अर्थची तार, बहुतेक स्वतंत्र घरांत अंगणातल्या खड्ड्यातून येते. ही हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर मेन स्विचपाशी येते, तिथून प्रत्येक बोर्डात जाते आणि थ्री पिनच्या वरच्या जाड पिनला मिळते. ती पिन उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते.

सगळं ठीक असताना या तारेतून जवळपास काहीच वाहत नाही. बिघाड झाला की तिचं काम सुरू होतं. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात राहून कुजली आणि फेज पत्र्याला टेकली, तर वीज त्या तारेतून जमिनीत उतरते. तार नसेल तर पत्रा तसाच २३० व्होल्टवर बसून राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो.

थ्री पिनमधली वरची पिन लांब आणि जाड असते, ती यासाठीच. पिन खोचताना अर्थ सर्वात आधी जोडली जावी आणि काढताना सर्वात शेवटी सुटावी. तीच पिन तोडून टू पिन सॉकेटमध्ये कूलर लावला, की हे संरक्षण तिथेच संपतं.

किती वीज धोक्याची? सर्वसाधारणपणे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे काही सेकंद गेले तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. घामाने आणि पाण्याने ओल्या शरीराचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या सातपटीहून जास्त.

तपासणी कोण करतं आणि कधी?

वीज सुरक्षेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरवतं. पूर्वी १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते, मग २०१० चे विनियम आले आणि आता २०२३ चे लागू आहेत. खड्डा कसा असावा, याचं मानक भारतीय मानक ब्युरोचं आहे : आयएस ३०४३. ते १९६६ मध्ये आलं, १९८७ आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं.

नियमांचा गाभा साधा आहे. घरातलं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचं. काम झाल्यावर ठेकेदार टेस्ट रिपोर्ट देतो. त्यात वायरिंगच्या इन्सुलेशनचं मोजमाप असतं. ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावून किमान १ मेगाओहम मिळायला हवा. अर्थिंगचीही नोंद असते. हा रिपोर्ट नवीन जोडणीच्या अर्जासोबत महावितरणकडे जातो आणि मीटर लागतं.

ग्राहकाच्या जागेत, वीज जिथे आत येते तिथे, वापरण्याजोगं अर्थ टर्मिनल पुरवठादाराने द्यावं, अशीही तरतूद २०१० च्या विनियमांत होती. पण गावातल्या आणि जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांत मीटरपाशी असं टर्मिनल दिसत नाही. ते कधी होतं, हेही घरच्यांना आठवत नाही. त्यामुळे व्यवहारात भिस्त राहते ती अंगणातल्या खड्ड्यावरच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. राज्य सरकारचे विद्युत निरीक्षक १५ मीटरपेक्षा उंच इमारती, उच्चदाब जोडण्या, मोठे उद्योग यांची तपासणी करतात. साध्या घरगुती मीटरसाठी ते सहसा घरी येत नाहीत. तिथे टेस्ट रिपोर्टवरच काम भागतं. त्यामुळे त्या कागदावरचा अर्थिंगचा आकडा खरोखर मोजलेला आहे की ‘नेहमीचा’ म्हणून लिहिलेला, हे पाहणारा शेवटचा माणूस घरमालकच असतो.

निरीक्षक घरी येतात ते अपघात झाल्यावर. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची सूचना द्यावी लागते आणि त्याची चौकशी विद्युत निरीक्षकांकडे सोपवता येते. चूक कुठे झाली, हे त्या अहवालात येतं. मीटरच्या पुढचं वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते. त्यामुळे दोष घरातल्या बोर्डात निघाला, तर नुकसानभरपाईसाठी फारसं बोट दाखवायला जागा उरत नाही.

वऱ्हाडची माती काय करते?

अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीशी केलेला जोड. तो किती चांगला, हे मातीतून वीज किती सहज पसरते यावर ठरतं. ओल्या चिकणमातीत ती सहज पसरते. कोरड्या मुरमात आणि खडकात अडते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ढोबळमानाने तीन प्रकारची जमीन आहे आणि तिघींच्या अडचणी वेगळ्या आहेत.

काळी कापसाची माती : पावसाळ्यात ती फुगते, ओल धरते आणि अर्थिंगसाठी उत्तम असते. उन्हाळ्यात तीच आक्रसते. शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे इथे लहान मुलांनाही माहीत आहे. तसंच अंगणातही होतं. पाइपाभोवतीची माती पाइप सोडून मागे सरकते, मध्ये हवेची पोकळी राहते. पाइप जागेवर असतो, पण मातीला टेकलेला नसतो. ऑगस्टमध्ये छान वाचन देणारा खड्डा मे महिन्यात कित्येक पट खराब वाचन देऊ शकतो. आणि मे महिना तर कूलरचाच.

खारपाणपट्टा : पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांत जमीन आणि भूजल खारट आहे. खारट ओली माती वीज चांगली वाहून नेते. त्यामुळे नवा खड्डा पहिल्या वर्षी झकास चालतो. पण तोच खारटपणा लोखंडावरचा जस्ताचा थर खातो, मग पाइप आणि पट्टी गंजतात. वरून फनेल आणि सिमेंटची चौकट शाबूत दिसते, आत जोड तुटलेला असतो. अशा जमिनीत खड्ड्यात आणखी मीठ ओतणं म्हणजे गंजाला आमंत्रण.

मुरूम आणि खडक : मेळघाटात, चिखलदऱ्याच्या बाजूला, अकोला जिल्ह्यात पातूरच्या डोंगराळ भागात थोडं खणलं की बेसॉल्ट लागतो. अडीच मीटरचा पाइप उभा जातच नाही. मग तो अर्ध्यावर कापून बसवला जातो. असा खड्डा पावसाळ्यातही कमजोर राहतो.

खड्डा कसा असायला हवा?

आयएस ३०४३ मधला पाइप अर्थिंगचा ढाचा असा : जीआय पाइपाचा आतला व्यास किमान ३८ मिलिमीटर आणि लांबी किमान २.५ मीटर. तो उभा गाडायचा. घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर. प्लेट वापरली तर ६० बाय ६० सेंटिमीटरची, जीआय असल्यास किमान ६.३ मिलिमीटर आणि तांब्याची असल्यास ३.१५ मिलिमीटर जाडीची, आणि वरची कड किमान दीड मीटर खोल.

पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत जुनी आहे. कोळसा ओल धरतो, मीठ वीज वाहायला मदत करतं. पण दर पावसाळ्यात मीठ थोडं थोडं वाहून जातं, म्हणून हा खड्डा काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. वरचं फनेल पाणी ओतण्यासाठी असतं. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतलं, तरी काळ्या मातीत फरक पडतो. बाजारात ‘मेंटेनन्स फ्री’ रॉड आणि ओल धरणारी पावडर मिळते. खारपाणपट्ट्यात साध्या पाइपापेक्षा तांब्याचा थर असलेला रॉड जास्त टिकतो. मात्र ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणजे कधीच मोजायचं नाही, असं नाही.

खडकाळ जागी एकाच खोल खड्ड्याचा हट्ट न धरता दोन-तीन ठिकाणी खड्डे करून ते जाड पट्टीने जोडता येतात. त्यांच्यात किमान पाइपाच्या लांबीइतकं अंतर ठेवायचं, जमलं तर दुप्पट. जवळजवळ खणलेले दोन खड्डे जवळपास एकाच खड्ड्याचं काम करतात.

एमसीबी आहे ना, मग भीती कसली?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. थोडं गणित करू.

समजा, घराच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे. घरगुती अर्थिंगसाठी हे चांगलंच वाचन मानलं जातं. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरची अर्थिंग १ ओहम धरू. कूलरचा फेज पत्र्याला टेकला. वीज पत्र्यातून खड्ड्यात, जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे जाणार. एकूण ६ ओहम. २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर.

बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी आहे. घरात लागणारी ‘सी’ प्रकारची एमसीबी क्षणात पडायला तिच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट प्रवाह लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. ३८ अँपिअरला ती तापून पडेल, पण त्याला अर्धा-एक मिनिटही लागू शकतं. तोवर कूलरच्या पत्र्यावर किती व्होल्ट? ३८ गुणिले ५, म्हणजे सुमारे १९० व्होल्ट.

आता हेच मे महिन्यात पाहू. समजा, माती वाळून खड्डा ४० ओहमवर गेला. प्रवाह उरतो साडेपाच अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी याला नेहमीचा लोड समजते आणि कधीच पडत नाही. पत्रा २२० व्होल्टच्या वर बसून राहतो. पंखा फिरतोय, पाणी पडतंय, हवा गार येतेय. दर तासाला सव्वा युनिट वीज जमिनीत मुरतेय, त्याची जाणीव झालीच तर बिल पाहून होईल. किंवा कुणी कूलरला हात लावल्यावर.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

मग माणसासाठी काय असतं?

आरसीसीबी. जुने वायरमन तिला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच ती पाहत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर ती सगळ्यात उशिरा ०.३ सेकंदात पुरवठा तोडते. फरक मोठा असेल तर ०.०४ सेकंदात. वरच्या उदाहरणातला साडेपाच अँपिअरचा गळता प्रवाह तिच्या मर्यादेच्या दीडशेपटीहून जास्त आहे. पापणी लवायच्या आत घर अंधारात जाईल आणि कूलर हाताळणारा वाचेल.

म्हणूनच कोरड्या मातीच्या प्रदेशात आरसीसीबीचं महत्त्व जास्त. ४० ओहमचा खड्डा एमसीबीला जागं करू शकत नाही, पण आरसीसीबीसाठी तो भरपूर आहे. ठरावीक भारापुढच्या घरगुती जोडण्यांना ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या मर्यादेचं असं साधन बसवणं नियमांनीही बंधनकारक केलं आहे. किंमत कंपनी आणि क्षमतेनुसार दोन-तीन हजारांच्या आसपास, म्हणजे एका साध्या कूलरपेक्षाही कमी.

मग अर्थिंगची गरज काय, आरसीसीबीच पुरे नाही का? नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी आरसीसीबी पडते, कुणी हात लावायच्या आधीच. अर्थिंग नसेल तर गळती सुरू व्हायला माणसाचा हात लागतो. झटका बसतो आणि मग ती पडते. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

‘लावली होती, पण सारखी पडायची म्हणून काढून टाकली,’ हेही बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. ती उगाच पडत नाही. कुठेतरी पंप गळतोय, गिझरची कॉइल ओली झाली आहे किंवा दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत. इन्व्हर्टर बसवताना हे मिसळणं सर्रास होतं. दोष शोधायला वायरमनला अर्धा दिवस लागेल. काढून टाकायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ती काढली जाते.

वायरिंगमधले नेहमीचे जुगाड कोणते?

बल्बची परीक्षा : फेज आणि अर्थच्या मध्ये शंभरचा बल्ब लावायचा. पेटला की ‘झालं भाऊ, अर्थिंग ओके’. पण १०० वॉटच्या बल्बचाच रेझिस्टन्स पाचशे ओहमच्या वर असतो. खड्डा ५ ओहमचा असो की ५० चा, बल्ब जवळपास तेवढाच पेटतो. डोळ्यांना फरक कळत नाही. बल्ब पेटल्याने तार तुटलेली नाही एवढंच सिद्ध होतं. खड्डा मोजायला अर्थ टेस्टर लागतो. त्यात दोन खुंट्या ठरावीक अंतरावर मातीत ठोकून वाचन घेतात.

न्यूट्रललाच अर्थ जोडणं : सॉकेटमागे न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला छोटी तार टाकायची. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण पोलवर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटला, की घरातल्या प्रत्येक थ्री पिन उपकरणाच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळं एकदम. वादळवाऱ्यात न्यूट्रल तुटणं इथे नवं नाही.

नळाला बांधलेली अर्थ : जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थची तार लोखंडी नळाला गुंडाळलेली असे. नळ जमिनीतून यायचा, म्हणून काम भागायचं. आता पाइपलाइन प्लास्टिकची झाली. तार तिथेच आहे, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. उलट एका घरातला बिघाड त्या नळाला टेकलेल्या दुसऱ्या घरातल्या तोटीवर येऊ शकतो.

पिन तोडलेला थ्री पिन टॉप आणि एक्स्टेन्शन बोर्ड : कूलर खिडकीपाशी, सॉकेट दूर. मध्ये दोन तारांचं स्वस्त एक्स्टेन्शन. घरातली अर्थिंग कितीही चांगली असली, तरी ती त्या एक्स्टेन्शनपाशी संपते.

सोलर बसवलं असेल तर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून छतावरचं सोलर वाढलं आहे. त्याच्यासोबत सहसा तीन स्वतंत्र खड्डे केले जातात : पॅनेलच्या डीसी बाजूचा, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा आणि वीज अटकाव यंत्राचा. काम सुरू असताना हे तिन्ही खड्डे स्वतः पाहा, फोटो काढून ठेवा. अर्थ टेस्टर घरी आलाच आहे, तर त्याच दिवशी घराचा जुना खड्डाही मोजून घ्या.

टेस्ट रिपोर्ट हातात घेण्यापूर्वी काय विचारायचं?

घर नवं बांधत असाल किंवा जुनं वायरिंग बदलत असाल, तर ठेकेदाराला हे प्रश्न विचारा. चांगला ठेकेदार वाईट वाटून घेत नाही.

१. खड्डा बुजवण्याआधी पाइप आणि जोड दाखवा. किती फूट खोल गेला?
२. अर्थ टेस्टरने माझ्यासमोर मोजा. वाचन किती आलं आणि तारीख काय, हे रिपोर्टवर लिहा.
३. खड्ड्यापासून मेन स्विचपर्यंतची तार किंवा पट्टी कुठून आली? मध्ये साधा पिळा दिलाय की नट-बोल्टने जोडलंय?
४. प्रत्येक सॉकेटच्या वरच्या छिद्रात हिरवी वायर पोहोचली का? किमान कूलर, फ्रिज, गिझर, मोटार आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड उघडून दाखवा.
५. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचीच आहे ना? टेस्टचं बटण दाबून दाखवा.
६. इन्व्हर्टरची लाइनही आरसीसीबीच्या संरक्षणात आहे का?
७. तुमचा परवाना क्रमांक रिपोर्टवर आहे का? परवाना चालू आहे का?

फ्लॅटमध्ये राहत असाल, तर मीटर रूममध्ये अर्थची पट्टी शोधा. तिथून तुमच्या फ्लॅटपर्यंत स्वतंत्र हिरवी वायर आली आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. सोसायटीचे खड्डे गाडीच्या पार्किंगखाली किंवा पेव्हर ब्लॉकखाली गेलेले असतात. ते उघडून वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात मोजायला लावा. पावसाळ्यात घेतलेलं वाचन समाधान देतं, पण खड्ड्याचं सर्वात वाईट रूप दाखवत नाही.

भाड्याच्या घरात अंगण खणणं आपल्या हातात नसतं. तिथे किमान दोन गोष्टी करता येतात. परवानाधारक वायरमनकडून मेनवर आरसीसीबी बसवून घेणं आणि कूलरच्या सॉकेटपर्यंत अर्थ आली आहे का, हे पाहणं. घरमालकांशी बोलताना कूलरच्या किमतीशी तुलना करून सांगा, पटतं. अमरावती-अकोल्यात कॉलेजसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी खोली पाहताना पंखा आणि पाण्यासोबत हेही विचारायला हवं.

कूलर वापरताना रोजचे नियम

• पाणी भरण्याआधी फक्त बटण बंद करू नका, पिन काढा. बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे लागले असतील, तर बटण बंद असूनही आत वीज राहते.
• दरवर्षी पंपाची वायर बोटांनी वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर चिकटपट्टी गुंडाळू नका, पंप बदला. पाण्यात चिकटपट्टी टिकत नाही.
• कूलरखाली पाणी साचू देऊ नका. चप्पल घालूनच हाताळा.
• लोखंडी खिडकीच्या गजाला किंवा पत्र्याच्या शेडला कूलर टेकवून ठेवू नका. एकाचा बिघाड सगळ्या पत्र्यावर पसरतो.
• झिणझिण्या आल्या तर ‘थोडं लागतंच’ म्हणून सोडू नका. अर्थ सुटल्याची ती पहिली खूण असू शकते.
• आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर ती बदला.

कुणाला झटका बसलाच तर?

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका, दुसराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला वेगळं करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, हृदयाची लय नंतरही बिघडू शकते. पोलवरची तार तुटली असेल किंवा सर्व्हिस वायर लोंबत असेल, तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.

आता काय करायचं?

या आठवड्यात एवढंच करा. मेन बंद करून वायरमनकडून कूलरचा बोर्ड उघडून घ्या आणि वरच्या छिद्रामागे हिरवी वायर आहे का, हे पाहा. मेनच्या डब्यात टेस्ट बटण असलेली आरसीसीबी आहे का, ते बघा. मग अंगणात जाऊन फनेलमध्ये बादलीभर पाणी ओता. फनेल कुठे आहे हेच आठवत नसेल, तर शेवटचं पाणी कधी ओतलं होतं, हे विचारायची गरज उरत नाही. वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी बोर्डातली ती हिरवी वायर जोडायला वीस मिनिटं लागली. खड्ड्यातलं फनेल मात्र तुळशीच्या कुंडीखाली सापडलं.